डॅन्यूबवरची क्रूझ, सोबत टीनएजर मुलं: पासाऊ ते बुडापेस्ट

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना घेऊन नदीवरच्या क्रूझला जायचं ठरत असेल, तर समुद्रावरच्या क्रूझचं चित्र आधी डोक्यातून काढून टाका. इथे घसरगुंड्या नाहीत, नाट्यगृह नाही, मुलांचा वेगळा क्लब नाही. डॅन्यूबवरचं नेहमीचं जहाज १३५ मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतं. दीडशेच्या आसपास प्रवासी, एक मोठं भोजनगृह, एक लाउंज, वर मोकळा सनडेक आणि असलाच तर एक हौद, ज्याला माहितीपत्रकात स्विमिंग पूल म्हणतात. रात्री नऊनंतर पियानो. पंधरा वर्षांच्या मुलाला हे जहाज दीड दिवसात पाठ होतं.

तरीही ही सहल मुलांसाठी चांगली ठरू शकते, आणि त्याचं श्रेय जहाजाला नाही, धक्क्याला आहे. रोज सकाळी डोळे उघडावेत तर नवं गाव, आणि तेही बहुतेक ठिकाणी चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बस नाही, बॅगा भरणं नाही. सोळा वर्षांच्या मुलीला 'जा, दोन तास फिरून ये' असं परक्या देशात सांगता येईल अशी सहल दुसरी कुठली? म्हणून कंपनी निवडताना झुंबरं आणि गालिचे बघू नका. प्रत्येक गावात जहाज नेमकं कुठे लागतं, किती तास थांबतं आणि जहाजावर सायकली आहेत का, हे विचारा. पैसे वसूल होणं याच तीन उत्तरांवर ठरतं.

डॅन्यूबच्या अनेक टप्प्यांपैकी मुलांसाठी पासाऊ (किंवा वरच्या बाजूचं फिल्सहोफेन) ते बुडापेस्ट हा सात रात्रींचा टप्पा सगळ्यात सोयीचा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे चार देश एकाच शेंगेन व्हिसात होतात. रात्रभर प्रवास, दिवसा मुक्काम असं वेळापत्रक असल्यामुळे कंटाळवाणे दिवस कमी. ऱ्हाइनवर किल्ल्यांचा देखावा जास्त सुंदर आहे, पण तिथे तासन्‌तास डेकवर बसून बघायचं असतं, आणि ते आईवडिलांना जितकं आवडतं तितकं मुलांना आवडत नाही.

आता तारखांचा घोळ. मुलांसाठी खास आखलेल्या फेऱ्या, म्हणजे अमावॉटरवेज या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर चालणाऱ्या डिस्नेच्या सहली किंवा टाउक कंपनीच्या 'ब्रिजेस' नावाच्या कौटुंबिक सहली, मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या सुट्ट्यांत असतात: जूनअखेर ते ऑगस्ट, आणि नाताळात. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात जूनअखेरीस. म्हणजे महाराष्ट्रातलं कुटुंब मे महिन्यात जाणार, आणि मे महिन्यात जहाजावर बहुतेक मंडळी साठीच्या पुढची असणार. तुमची मुलं हीच काय ती जहाजावरची मुलं. दोन भावंडं किंवा चुलत-मावस भावंडांचा घोळका असेल तर निभतं. एकटं मूल असेल तर चौथ्या दिवशी ते केबिनमध्ये मोबाइल घेऊन बसलेलं सापडेल. त्याला दोष देऊ नका.

यातून वाट दोन प्रकारे निघते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यांच्या शाळांना पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते. ईस्टरनुसार तिच्या तारखा पुढेमागे होतात, पण साधारण मेअखेर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा. त्या दिवसांत जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर मुलं दिसतात. जहाजाची भाषा मात्र जर्मन असते. माहिती इंग्रजीत मिळेल का हे आधी लिहून घ्या. यातल्या काही कंपन्या पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांच्या केबिनमध्ये फुकट नेतात, हा फायदा कमी नाही. दुसरी वाट म्हणजे दोन-तीन कुटुंबांनी मिळून जाणं. तिसरी वाट बंद आहे: व्हायकिंग या कंपनीच्या जहाजांवर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. जाहिराती सगळीकडे दिसतात म्हणून चौकशी तिथून सुरू होते आणि आठवडा वाया जातो.

दिवाळीच्या सुट्टीचं काय? दर थोडे उतरलेले असतात, ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे पिवळे-तांबडे झालेले असतात. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात, आणि मग व्हिएन्नात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडीत, अंधारात मुलं गावात किती फिरणार? सायकलचा बेत असेल तर दिवाळी नको.

केबिनचं गणित सांगताना एजंट लोक फार घाईत असतात. बहुतेक केबिन दोघांसाठी, साधारण १५ ते २० चौरस मीटरच्या. तिघांच्या मोजक्या, चौघांच्या त्याहून कमी. चौघांच्या कुटुंबाला दोन केबिन लागतात आणि तिथेच खर्च दुप्पट होतो. काही कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान माणूस हवा असं म्हणतात. अशा वेळी कागदावर आई एका केबिनमध्ये आणि बाबा दुसऱ्या केबिनमध्ये अशी नावं घालून नंतर चाव्या बदलून घेतात. अमावॉटरवेजच्या २०१६ च्या सुमाराला आलेल्या काही जहाजांत मधल्या दाराने जोडलेल्या केबिन आहेत. त्या फार थोड्या असतात आणि सगळ्यात आधी जातात.

खालच्या डेकवरच्या केबिनला उघडणारी खिडकी नसते. वर, छताजवळ एक काच, आणि तिच्या जरा खाली पाणी. मोठी माणसं नाक मुरडतात, मुलांना ते आवडतं, आणि दरातला फरक चांगलाच मोठा असतो. मुलांना खाली आणि आईवडिलांना वर ठेवणं हा व्यवहारी तोडगा. फक्त केबिन मध्यावरची घ्या. मागच्या टोकाला इंजिनची घरघर रात्रभर असते, पुढच्या टोकाला धक्क्याला लागताना आणि लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलणाऱ्या बंद कप्प्यात) शिरताना बाजूला ढकलणारे पंखे सुरू होतात; पहाटे चारला तो आवाज गजरापेक्षा वाईट. वरच्या डेकवर 'फ्रेंच बाल्कनी' म्हणजे फक्त सरकती काच आणि कठडा, बसायला जागा नाही. शिवाय गर्दीच्या बंदरात जहाजं एकाला एक लागून उभी राहतात. बाल्कनीसाठी जादा पैसे भरून दिवसभर शेजारच्या जहाजातल्या माणसाचे पडदे बघावे लागतात, आणि धक्क्यावर उतरायला त्या जहाजातून किंवा त्याच्या सनडेकवरून चढउतार करत जावं लागतं. सोबत आजी-आजोबा असतील तर हे विशेष लक्षात घ्या; लिफ्ट असली तरी ती बहुधा सगळ्यात खालच्या डेकपर्यंत आणि सनडेकपर्यंत जात नाही.

जहाजाची ही अरुंद घडण उगाच नाही. ऱ्हाइन आणि डॅन्यूबला जोडणारा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पुरा झाला, आणि त्यातले लॉक १२ मीटर रुंदीचे. दोन्ही नद्यांवर चालायचं तर जहाज त्यात मावायला हवं. अमामाग्ना हे जहाज मात्र २२ मीटर रुंद आहे. ते कालव्यात जाऊच शकत नाही, कायम डॅन्यूबवरच राहतं. केबिन मोठ्या, भोजनाच्या जागा एकाहून अधिक. मुलांसोबत जाणाऱ्यांना ते परवडत असेल तर जागेचा फरक खरोखर जाणवतो.

लॉक हा मुलांना बांधून ठेवणारा भाग ठरतो, पण त्यासाठी कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. नदीवर वीजनिर्मितीची धरणं आहेत. जहाज बंद कप्प्यात शिरतं, मागचं दार मिटतं, पाणी सोडलं जातं आणि जहाज खाली उतरतं. पासाऊखालच्या योखेनश्टाइनपासून स्लोव्हाकियातल्या गाब्चिकोवोपर्यंत अशी अकरा लॉक लागतात. गाब्चिकोवोला जहाज एका दमात सुमारे २० मीटर खाली जातं, ओल्या काँक्रीटची भिंत हाताच्या अंतरावरून वर सरकते. बरीचशी लॉक रात्री येतात. रिसेप्शनवर वेळापत्रक मागा, दिवसा येणारं एक तरी पकडा. आणखी एक गंमत: काठावरचे किलोमीटरचे फलक मुखापासून उलटे मोजलेले आहेत. पासाऊ २२२६ च्या आसपास, व्हिएन्ना १९२९, बुडापेस्ट १६४७. फलक बघून पुढचं गाव किती दूर ते मुलांना काढता येतं, वायफाय नसतानाही.

वायफायबद्दल इथेच सांगून टाकू. जहाजाचं वायफाय डोंगरांच्या वळणांत आणि लॉकमध्ये मान टाकतं, आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की रांगतं. निघण्याआधी युरोपीय संघाचं एक ई-सिम घ्या, चारही देशांत चालतं.

पासाऊत डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात आणि तिन्हींच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात. टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत. २०१३ ची खूण १२.८९ मीटरवर, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर. ती बघितली की पुढे पाण्याच्या पातळीबद्दल जे सांगणार आहोत ते पटतं.

लिंझला बहुतेक कंपन्या साल्झबर्गची दिवसभराची सहल विकतात. जाऊन-येऊन जवळपास चार तास बसमध्ये. मुलं असतील तर ती घेऊ नका. लिंझमध्येच नदीकाठी आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर आहे. तंत्रज्ञान आणि कला यांचं हे केंद्र दहावी-बारावीच्या वयाला अगदी योग्य. तिथल्या 'डीप स्पेस'मध्ये १६ बाय ९ मीटरची भिंत आणि तेवढीच जमीन पडदा म्हणून वापरतात. दुसरा पर्याय गंभीर आहे: वीस-एक किलोमीटरवरची नाझींची माउटहाउझेन छळछावणी. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे १,९०,००० लोक डांबले गेले आणि त्यांतले किमान ९०,००० मेले. चौदा वर्षांपुढच्या, इतिहास वाचणाऱ्या मुलांना न्यावं. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.

सहलीचा कळस मेल्क ते क्रेम्स या ३६ किलोमीटरांच्या वाखाऊ खोऱ्यात आहे, आणि तो सायकलवरून गाठायचा. अमावॉटरवेजसारख्या कंपन्या जहाजावरच पंचवीसेक सायकली ठेवतात. नसतील तर मेल्कमध्ये भाड्याने मिळतात, पण त्या परत कुठे द्यायच्या ते आधी ठरवा, कारण जहाज तुमच्याआधी पुढे गेलेलं असतं. मेल्क ते ड्युर्नश्टाइन साधारण तीस किलोमीटर, प्रवाहाच्या दिशेने, जवळपास सपाट, डांबरी सायकलमार्ग. रोज सायकल न चालवणाऱ्या मुलालाही थांबत-थांबत तीन तास पुरतात. मे महिन्यात सकाळी वारा समोरून येऊ शकतो, तेव्हा पातळ जॅकेट आणि लिटरभर पाणी प्रत्येकी. ऑस्ट्रियात बारा वर्षांखाली हेल्मेट सक्तीचं आहे. त्यापुढेही घालायलाच लावा. उंची पाच फुटांपेक्षा कमी असेल तर सायकलचा आकार आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सकाळी धक्क्यावर ही गोष्ट लक्षात आली तर मूल बसमध्ये बसतं आणि दिवस फुकट.

उत्तर काठाने जा. श्पिट्झ, वाइसेनकिर्खेन आणि ड्युर्नश्टाइन ही गावं त्याच बाजूला आहेत. वाटेत विलेनडॉर्फ लागतं. १९०८ मध्ये रेल्वेच्या बांधकामावेळी इथेच अकरा सेंटिमीटरची ती प्रसिद्ध पाषाणयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, म्हणजे दोन दिवसांनी तीच खरी बघता येते (मंगळवारी संग्रहालय बंद). श्पिट्झला आणि वाइसेनकिर्खेनला दोरावर बांधलेल्या फेरीबोटी आहेत, मोटरशिवाय, नुसत्या प्रवाहाच्या जोरावर या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या. एकदा बसाच. ड्युर्नश्टाइनला पोचल्यावर पायांत जीव असेल तर गावामागच्या पडक्या किल्ल्यावर अर्ध्या तासाची चढण आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या अखेरीस याच गावी कैदेत पडला. मेल्कचा मठ भव्य आहे यात वाद नाही, पण मार्गदर्शकाबरोबरची फेरी लांबली की सायकलचा वेळ खाते. दोन्ही करायचं असेल तर मठ तासाभरात संपवा.

उशीर झाला तर? जहाज थांबत नाही. जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी परत यायचं असतं. मुलं एकटी निघताना तीन गोष्टी त्यांच्याकडे हव्यात: जहाजाचं कार्ड, जहाजाचा फोन नंबर आणि धक्क्याच्या पाटीचा फोटो. फोटो अशासाठी की व्हिएन्नात जहाज राइक्सब्र्युकेला लागतं किंवा नुसडॉर्फला, आणि दोन्ही शहराच्या अगदी वेगळ्या भागांत आहेत. राइक्सब्र्युके असेल तर फोरगार्टनश्ट्रासे स्थानकावरून यू-१ मेट्रोने चार थांब्यांत शहराच्या मध्यावरचा श्टेफान्सप्लाट्झ चौक, मधला प्राटरश्टर्नचा थांबा १८९७ च्या जुन्या आकाशपाळण्यासाठी. नुसडॉर्फ असेल तर डी क्रमांकाची ट्रॅम थेट रिंगरोडवर आणते. संध्याकाळी जहाजावर मैफल असते तेव्हा मुलं आकाशपाळण्यावर गेलेली बरी.

ब्रातिस्लाव्हाला अर्धा दिवस पुरे. धक्क्यापासून जुनं शहर चालत, पुलावरचा ९५ मीटर उंचीचा 'यूएफओ' मनोरा, आणि परत.

जेवणाचं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की युरोपात अंडं चालतं असंच धरतात, सूपमध्ये मांसाचं पाणी येऊ शकतं, आणि गोडात जिलेटिन. बुकिंगच्या वेळी एकेक गोष्ट लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला तोंडीही सांगा. एवढं केलं तर रोज एक नीट पदार्थ मिळतो. तिसऱ्या दिवसापासून पास्ता आणि रिसोटो यांची पाळी लागते ते वेगळं. रात्रीचं जेवण सातला सुरू होतं आणि चार फेऱ्यांत दोन तास चालतं. मुलांची खरी घुसमट इथे. लाउंजमध्ये हलकं जेवण लवकर मिळतं का ते विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतं. केबिनमध्ये किटली किंवा इंडक्शन लावू नका, आगीच्या भीतीने ते निषिद्ध असतं.

घरून नेताना एक नियम पाळा: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, चक्का घरीच ठेवा. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं चालतं. मे महिना आहे म्हणून हापूस नेण्याचा मोह होईल, पण आंब्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ, केळी, खजूर, अननस आणि डुरियन यांना तेवढी सूट आहे. नारळ कशाला न्यायचा, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

दारूचा विषय घरीच बोलून घ्या. जेवणासोबत बऱ्याच जहाजांवर वाइन भाड्यातच येते, आणि जर्मनी-ऑस्ट्रियात बिअर-वाइनची वयोमर्यादा १६ आहे, स्लोव्हाकिया-हंगेरीत १८. वेटर आधी मुलाकडे बघतो, मग तुमच्याकडे.

पाण्याची पातळी हा या सहलीचा सगळ्यात मोठा धोका, आणि विक्रीच्या बैठकीत तो फारसा निघत नाही. मे-जूनमध्ये आल्प्सचं बर्फ वितळून पाणी चढतं, जहाज पुलांखालून जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी उतरतं, तळ लागतो. २०१८ आणि २०२२ हे तसे उन्हाळे. बव्हेरियातला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा टप्पा सगळ्यात नाजूक, म्हणून पासाऊखाली सुरू होणारी फेरी त्यातल्या त्यात सुरक्षित. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातली जहाजवाहतूक थांबली होती. असं झालं की कंपनी बसने नेते, हॉटेलात ठेवते किंवा अडथळ्याच्या पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या जहाजात चढवते. करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो आणि परतावा बहुधा नाहीच. विचारा: किती दिवस जहाज चाललं नाही तर पैसे परत? विम्यात मार्गबदलाची भरपाई आहे का? उत्तर ईमेलवरच घ्या.

खर्च. इंग्रजी भाषेतल्या चांगल्या कंपन्या हंगामात सात रात्रींसाठी माणशी अडीच ते चार हजार युरो घेतात, विमान वेगळं. वर रोज माणशी दहा-पंधरा युरो बक्षिसी अपेक्षित असते, मुलांचीही धरून. भारतातून सहल घेतली तर टीसीएस (सहल विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो. तो आयकर विवरणात मिळतो, पण रोख आत्ता लागते. व्हिसाला बारा वर्षांपुढे पूर्ण ९० युरो आणि बोटांचे ठसे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त रात्री तिथे. जहाजाच्या रात्री कुठल्या गावात जातात ते मोजा. फक्त क्रूझ असेल तर साधारण ऑस्ट्रिया येतो, पण शेवटी बुडापेस्टला दोन-तीन रात्री हॉटेल जोडलं की पारडं हंगेरीकडे झुकू शकतं. चुकीच्या दूतावासात अर्ज गेला तर तो परत येतो, आणि मे महिन्यासाठी तारखा मिळवणं आधीच अवघड असतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

बुडापेस्टला त्या दोन रात्री मात्र जोडाच. जहाजावरची शेवटची सकाळ घाईची असते, आठ-नऊला केबिन रिकामी करावी लागते. पेस्टच्या काठाने धावणारी २ क्रमांकाची ट्रॅम, १८९६ ची एम-१ मेट्रो आणि गरम पाण्याची स्नानगृहं यांना एक अख्खा दिवस हवा. काही स्नानगृहांत चौदा वर्षांखालच्यांना गरम कुंडात सोडत नाहीत. तिकिटं काढण्याआधी वय तपासा आणि पोहण्याच्या टोप्या बॅगेत ठेवा.